टीव्हीचा स्पीकर आणि हेडफोन दोन्ही एकदम चालू ठेवायचे का?

चहाबाज_ठाणेकर
आमच्याकडे रोज रात्री आठ ते साडेदहा एकच भांडण. सासूबाईंना कमी ऐकू येतं, त्यांना टीव्हीचा आवाज ४० वर लागतो, आम्हाला १५ भरपूर होतो आणि आतल्या खोलीत बारावीवाली अभ्यास करतेय. हेडफोन आणला तर जॅक घातला रे घातला की स्पीकर गप्प, म्हणजे एकतर त्या एकट्या ऐकणार नाहीतर आम्ही सगळे. माझं सरळ मत आहे, दोन्ही एकदम चालू पाहिजेत आणि दोन्हीचा आवाज वेगवेगळा कमीजास्त करता आला पाहिजे, ही सोय टीव्हीवाल्यांनी मेन्यूत खोल लपवून का ठेवावी तेच कळत नाही. तुम्हाला काय वाटतं?

शांतता_राखा
अजिबात पटलं नाही. हेडफोन कशासाठी असतो, बाकीच्यांना त्रास नको म्हणून ना? मग स्पीकर चालू ठेवून काय साधलं? पोरगी बारावीला आहे तर वर्षभर स्पीकर बंद, ज्याला मालिका बघायची त्याने कानात घालून बघा. दुसरं म्हणजे ब्लूटूथ. टीव्हीपासून साध्या ब्लूटूथ हेडफोनपर्यंत आवाज पोचायला १५०-२०० मिलिसेकंद सहज जातात, स्पीकर आधी बोलणार आणि कानातला मागून, प्रत्येक डायलॉग दोनदा. डोकं उठेल.

चहाबाज_ठाणेकर
@शांतता_राखा सगळ्यांनी कानात घालून एका सोफ्यावर बसायचं? घर आहे की शिवनेरी बस?? अहो टीव्ही लावतात तो मधेमधे बोलायला, तो बघ आता खोटं बोलतोय, ही बघ रडायला लागली वगैरे. आणि १५ वरचा आवाज दार लोटलं की आत जात नाही, ४० वरचा जातो, त्रास सगळा त्या चाळीसचा आहे.

वायरवाला
डीलेचं बरोबर आहे पण तो ब्लूटूथचा दोष, दोन्ही एकदम चालवण्याचा नाही. बोलण्यातला फरक साधारण ३०-४० मिलिसेकंदांच्या आत असेल तर कानाला एकच आवाज वाटतो, वर गेला की घुमतो. वायरचा हेडफोन किंवा आरएफवाला (रेडिओ लहरींवर चालतो, स्टँडवर ठेवून चार्ज होतो तो) घ्या, फरक जाणवत नाही.
आता सोय कुठे असते ते. सोनीच्या बऱ्याच मॉडेलांत हेडफोन स्पीकर लिंक नावाचं सेटिंग असतं, ते ऑफ केलं की जॅक घालूनही स्पीकर चालू राहतो. सॅमसंगच्या बऱ्याच टीव्हींत अ‍ॅक्सेसिबिलिटीमधे मल्टी-आउटपुट ऑडिओ सापडेल, एलजीच्या नव्या टीव्हींत साउंड आउटमधे ब्लूटूथ अधिक टीव्ही स्पीकर असा पर्याय असतो. टीव्ही जुना असेल तर डीटीएचच्या डब्याकडे बघा. एचडीएमआय टीव्हीला लावलेली असतानाही मागच्या लाल-पांढऱ्या पिनांतून बहुतेक डब्यांत आवाज चालू असतो, आरएफ हेडफोनचा स्टँड तिथे जोडा, काम झालं. फक्त मग स्पीकरचा आवाज टीव्हीच्या रिमोटने कमीजास्त करायचा, डब्याचा रिमोट वापरलात तर बहुतेक वेळा दोन्हीकडचा बदलतो.

मॅच_सोडून_काही_नाही
आमच्याकडे ब्लूटूथ आहे, शेजारी ओरडतात मग दहा सेकंदांनी आमच्याकडे सिक्स जातो 😂 हाच डीले का तो

वायरवाला
@मॅच_सोडून_काही_नाही नाही हो, तो तुम्ही अ‍ॅपवर बघता म्हणून, स्ट्रीमिंगच मागे असतं. ब्लूटूथ सेकंदाचा पाचवा हिस्सा खातो, दहा सेकंद नाही.

अर्धा_कान
दोन्ही बाजूंचं वाचलं, दोघेही मूळ गोष्ट सोडून बोलताय. सासूबाईंची ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) केलीय का? वयाने ऐकू कमी येतं तेव्हा आधी वरच्या पट्टीतलं जातं, म्हणजे स, श, च, फ असले आवाज, त्यामुळे माणूस म्हणतो आवाज येतोय पण शब्द कळत नाहीत. अशा वेळी ४० काय आणि ६० काय, पार्श्वसंगीत पण तेवढंच वाढतं. चांगलं कानाचं मशीन जे कमी येतं तेवढंच वाढवतं. हेडफोन देऊन तुम्ही तपासणी पुढे ढकलताय. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास आणि ९० ला फक्त ४ तास असा आहे. त्या कानात केवढ्याने ऐकतात ते बाहेर कोणालाच कळणार नाही.

शांतता_राखा
@अर्धा_कान +१. हेच म्हणतोय, जुगाड कशाला.

निवृत्त_पण_जागा
मी चौऱ्याहत्तरचा, दोन्ही कानांत मशीन आहे, म्हणून बोलतो. मशीन घेतलं म्हणजे टीव्हीचा प्रश्न मिटतो असं समजू नका. समोर बसून कोणी बोललं तर छान कळतं, टीव्ही दहा फुटांवर, पंखा चालू, सून कुकर लावतेय, मशीन ते सगळंच आणून कानात ओततं. त्यावरून मोठा हेडफोन घातला तर माझं मशीन शिट्टी मारतं. शेवटी टीव्हीला जोडायची छोटी डबी घेतली, टीव्हीच्या ऑप्टिकलमधून (प्रकाशाच्या वायरीने आवाज बाहेर देणारी खाच) आवाज घेते आणि थेट मशीनमधे पाठवते, टीव्हीचा स्पीकर बाकीच्यांसाठी चालूच. म्हणजे @अर्धा_कान, तुमचा मशीनवाला मार्ग पण फिरून तिथेच येतो, दोन आवाज एकदम. तपासणी मात्र करून घ्याच, त्यात दुमत नाही.
आणि नुसता हेडफोन द्यायचा तर कान पूर्ण झाकणारा नको. दाराची बेल, फोन, काही कळत नाही, मग घरचे म्हणतात हाका मारून थकलो.

अर्धा_कान
@निवृत्त_पण_जागा काका, डबीचा मुद्दा मान्य. पण ती मशीनच्या कंपनीचीच लागते आणि स्वस्त नसते, सगळ्यांना कशी जमणार?

चहाबाज_ठाणेकर
तपासणीची वेळ घेतलीय, पण मशीन बसून सवय होईपर्यंत रोज रात्री आठ वाजणारच ना. रविवारी डब्याच्या लाल-पांढऱ्या पिना बघते. हेडफोनची चक्री आधी मी स्वतःच्या कानाला लावून कमी करून देणार, वाढवताना सांगा म्हणणार. ऐकतील का ते वेगळं.

शांतता_राखा
तुमचा स्पीकर १५ वरच राहील याची खात्री कोण देणार? आमच्याकडे जाहिरात लागली की आपोआप २५ होतो आणि परत कोणी खाली आणत नाही.

चहाबाज_ठाणेकर
@शांतता_राखा टीव्हीचा रिमोट बारावीवालीकडे.

नवीन_साउंडबार
आमचा साउंडबार एआरसीवर (टीव्हीचा आवाज एचडीएमआयमधूनच बाहेर देतो ते) आहे, हेडफोन कुठे लावू? जॅकमधून आवाजच येत नाही.

वायरवाला
@नवीन_साउंडबार काही टीव्हींत एआरसी चालू असताना जॅक बंद राहतो. ऑप्टिकल मोकळं आहे का बघा, टीव्हीच्या साउंड सेटिंगमधे डिजिटल आवाजाचा प्रकार पीसीएम (साधा, न दाबलेला) करा आणि आरएफचा स्टँड ऑप्टिकल घेणारा आहे ना ते दुकानातच विचारा.