लडाखमधल्या झांस्करच्या दरीतून लेह-पदुम-मनाली, आईबाबांना घेऊन. सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

गौरीगणपती झाले की निघायचं असं घरात ठरलंय, म्हणजे बाबांनी ठरवलंय आणि आम्ही माना डोलावल्यात. निम्मू-पदुम-दारचा हा रस्ता २०२४ मध्ये जोडला गेला तेव्हापासून त्यांनी यूट्यूबवर त्याचे इतके व्हिडिओ बघितलेत की चिलिंगच्या पुढची वळणं त्यांना तोंडपाठ आहेत. आपण आयुष्यभर ताम्हिणी आणि वरंधा करत राहिलो, आता जिथे जानेवारीत नदी गोठली की लोक बर्फावरून चालत यायचे त्या दरीतून गाडीने जायचं, असं त्यांचं म्हणणं आणि खरं सांगायचं तर माझाही जीव अडकलाय त्यात.

आम्ही चौघं. मी, नवरा, आई आणि बाबा. बाबा सदुसष्ट, बीपीची गोळी रोज, बाकी रोज सकाळी तळजाईला चालून येतात. डॉक्टर म्हणाले जा पण सावकाश चढा.

आता घोळ असा की नवरा म्हणतो विमानाने लेह, तिथून टॅक्सीने निम्मू, मग नदीच्या कडेकडेने पदुम, आणि शिंकू ला ही खिंड ओलांडून मनालीला उतरायचं. बाबांना पुण्याहून स्वतःची गाडी न्यायचीये, मनालीपर्यंतच दोन हजार किमीच्या आसपास होतात, आणि ते ड्रायव्हिंग कोण करणार हा प्रश्न विचारला की ते पेपर वाचायला घेतात. तब्येतीच्या दृष्टीने कुठली बाजू बरी? आणि सप्टेंबर अखेर म्हणजे फार उशीर होतो का?

— कोथरूडकर_लेक

दगडधोंडे: लेहकडूनच करा. शिंकू ला ५,००० मीटरच्या वर आहे. मनालीकडून गेलात तर जिस्पाला मुक्काम करून दुसऱ्याच दिवशी थेट त्या उंचीवर, शरीराला सवय व्हायच्या आत. लेहकडून तीच खिंड शेवटी येते आणि ओलांडली की त्याच दिवशी खाली उतरता. पण लेह ३,५०० मीटर, विमानातून उतरल्यावर दोन दिवस गप पडून राहायचं, शांतीस्तूप वगैरे नंतर. बाबांना हे आधीच सांगून ठेवा, सगळे बाबा पहिल्याच संध्याकाळी मार्केटमध्ये फिरतात. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी मनाने देऊ नका, बीपीची गोळी चालू आहे आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर ती चालत नाही, डॉक्टरांनाच विचारा.

भटकी_मावशी: अगं सप्टेंबर अखेर छानच. जुलै-ऑगस्टमध्ये बर्फ वितळून नदी गाळाने राखाडी झालेली असते, नंतर पाणी उतरतं आणि हिरवंनिळं दिसतं, निम्मूला सिंधूच्या संगमावर तर बघतच राहशील. नाले पण शांत असतात, भर उन्हाळ्यात दुपारनंतर वाढतात म्हणून सकाळीच ओलांडावे लागतात. फक्त खिंडीत कधीही बर्फ पडू शकतो, तेव्हा मनालीहून परतीचं तिकीट दुसऱ्याच दिवशीचं काढू नका. तिथला बोगदा झाला की ही कटकट संपेल पण अजून काम चालू आहे. आणि प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, एकाचं तरी पोस्टपेड घ्या.

कोथरूडकर_लेक: मावशी, दगडधोंडे, खूप धन्यवाद, नवऱ्याला धागा दाखवला, तो दिवसभर मिरवतोय. बाबा मात्र म्हणतात लेहला दोन दिवस झोपायला एवढे पैसे घालायचे का. अजून एक, पुर्णे गावाहून फुकताल गोंपा (बौद्ध मठ) चालत करायचा विचार आहे, आईचे गुडघे बघता तिला गावातच होमस्टेला थांबवावं का घोडा मिळतो तिथे? कोणी वयस्कर माणसांना घेऊन गेलं असेल तर प्लीज सांगा, आणि लेहची टॅक्सी मनालीपर्यंत सोडायला साधारण काय घेते तेही.