देवाचा धाक नसेल तर नीती उरेल का?

रंकाळाकाठ: 'देवाचा धाक गेला की माणूस मोकाट सुटेल' असं म्हणून इथे वाद मिटवले जातात. या धाकाची मोजणी झालेली आहे. २०१६ साली 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासात आठ समाजांतल्या ५९१ जणांना ३० नाणी, दोन पेले आणि दोन रंगांचा फासा दिला. एक पेला स्वतःचा किंवा गावातल्या स्वधर्मीयाचा, दुसरा दूरच्या अनोळखी स्वधर्मीयाचा. पेला मनात ठरवायचा, मग फासा टाकायचा. एक रंग आला तर नाणं त्या पेल्यात, दुसरा आला तर उरलेल्यात. एकट्याची लबाडी पकडता येत नाही, पण दूरच्या पेल्याची सरासरी १५च्या खाली घसरली की ती उघडी पडते. देव सगळं जाणतो आणि शिक्षा करतो असं मानणाऱ्यांनी दूरच्याला जास्त नाणी दिली. म्हणजे धाक चालतो. पण परधर्मीयाचा पेला त्या खेळात नव्हताच. माझं मत असं की देव नीतीचा उगम नाही. ती आधीपासून असते, तो फक्त तिची वसुली करतो.

भवानीमंडप: मग उगम कुठला? २००३ सालच्या प्रयोगातली कापुचिन माकडं सांगणार असाल, तर शेजारच्याला द्राक्ष मिळालं म्हणून त्यांनी आपली काकडी नाकारली. ही तक्रार स्वतःला कमी मिळाल्याची आहे, दुसऱ्याला न्याय देण्याची नाही. मदत करणारी बाहुली तान्ही बाळं निवडतात हा २००७ चा निष्कर्षही हजारभर बाळांवर पुन्हा तपासला तेव्हा टिकला नाही. आणि परधर्मीयाचं म्हणाल, तर कोल्हापुरात मोहरमचे पंजे तालमींत बसतात, हिंदू कार्यकर्ते ते उचलतात. ही सीमा विधीनेच ओलांडली. शाहू महाराजही वेदोक्तानंतर, म्हणजे पुरोहिताने त्यांना वेदमंत्र नाकारल्यानंतर, नास्तिक झाले नाहीत, १९२० मध्ये त्यांनी क्षात्र जगद्गुरू, म्हणजे ब्राह्मणेतर धर्मगुरू नेमला. जोतीराव फुल्यांनीही निर्मिक, म्हणजे जग निर्माण करणारा, मानलाच.

रंकाळाकाठ: वेदोक्तात महाराजांना शूद्र ठरवून पुरोहिताने वेदांतले सोडून पुराणोक्त मंत्र म्हटले, आणि शास्त्राचा आधार पुरोहितच सांगत होता. ते शास्त्र चुकीचं हे महाराजांनी कशावरून ठरवलं? ग्रंथ सांगतो म्हणूनच एखादी गोष्ट चांगली असेल, तर ग्रंथाला चूक म्हणायला जागाच उरत नाही. संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्यांना ५० टक्के रिकाम्या जागा राखणारा महाराजांचा २६ जुलै १९०२ चा आदेश श्रुतिस्मृतींवर उभा नाही. मागासलेल्या वर्गांपर्यंत शिक्षण पोचलं नाही, हे कारण त्यात दिलं आहे. पंज्यांचा मला आदर आहे. पण जून २०२३ मध्ये मोबाइलच्या स्टेटसवरून याच शहरात दगडफेक झाली, तेव्हा पंज्यांची परंपरा होतीच.

जोतिबारोड: दोघेही वेळ विसरताय. १९७३ मध्ये प्रिन्स्टनला धर्मोपदेशक होऊ घातलेल्या ४० विद्यार्थ्यांच्या वाटेत एक माणूस कण्हत बसवला होता. घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, फार घाईत असलेल्यांपैकी १० टक्के. परोपकारावरच भाषण द्यायला निघालेलेही त्यात होते.

भवानीमंडप: घाई नास्तिकालाही असते, आणि ४० ही संख्या लहान. माझा प्रश्न साधा आहे. अनोळखी माणसाला देण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्या लावणारी धर्माबाहेरची एक तरी संस्था दाखवा.

रंकाळाकाठ: रक्तपेढी. एका वेळी ३५० किंवा ४५० मिली. पुरुष तीन महिन्यांनी, स्त्री चार महिन्यांनी पुन्हा देऊ शकते. पिशवीवर रक्तगट असतो, जात-धर्म नसतो, आणि ती कुणाला चढवली हे दात्याला कळतही नाही.

भवानीमंडप: आणि शिबिरं कधी भरतात? गणेशोत्सवात, ईद-ए-मिलादला. सण वगळून पिशव्या मोजा, मग बोलू.

रंकाळाकाठ: मोजूच. दर मे महिन्यात तुटवडा पडतो, कारण कॉलेजं बंद असतात आणि तिथली शिबिरं थांबतात. तिथे रांगेत उभं राहणारी पोरं कुठल्या सणाला येतात?