मदत हवी आहे: आमच्या वसाहतीचा विषय महासभेच्या विषयपत्रिकेवर कसा आणायचा? (सांगली)

काळीमाती:

नमस्कार मंडळी. महापालिकेच्या सभा-ठरावांची माहिती असलेल्यांकडून मदत हवी आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट विचारलं की उत्तरही अर्धवट मिळतं.

आम्ही सांगलीत शामरावनगरच्या बाजूला एका गुंठेवारी वसाहतीत (शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे विकत घेऊन मंजुरीविना उभ्या राहिलेल्या वस्तीत) राहतो. भाग सखल, माती काळी, पाऊस लागला की पाणी निचरायला वाटच नाही. पावसाळ्यात आमच्या पोरांचे बूट दप्तरात असतात. डांबरी रस्त्याला लागेपर्यंत स्लीपर घालून चिखलातून यायचं, मग आईनं बाटलीतलं पाणी पायांवर ओतायचं, फडक्यानं बोटांच्या बेचक्या पुसायच्या, मोजे चढवायचे आणि मगच पुढं. पहिली-दुसरीतल्या पोरांना कडेवरच आणावं लागतं.

आमच्या बचत गटातल्या बायकांनी आणि काही ज्येष्ठ मंडळींनी ठरवलंय की प्रभागातल्या सगळ्या नगरसेवकांना मिळून एकच निवेदन द्यायचं आणि त्यावर महासभेत, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेत, चर्चा व्हावी म्हणून पाठपुरावा करायचा. मागच्या सभागृहाची मुदत ऑगस्ट २०२३ मध्ये संपली. तिथपासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत निर्णय प्रशासकांच्या सहीनं होत होते. ‘आमच्या भागात हे का नाही’ असं उभं राहून विचारणारं निवडून आलेलं माणूस तेव्हा सभागृहात नव्हतं. आता २० प्रभागांचे ७८ सदस्य आहेत. आमचं म्हणणं तिथं मांडलं जावं आणि कागदावर राहावं, एवढी अपेक्षा आहे.

मागण्या तीन आहेत. आमच्या जवळची महापालिकेची मराठी शाळा सातवीपर्यंतच आहे. त्यापुढं मुलींना लांब पाठवायचं म्हटलं की घरात वाद सुरू होतात, तर तिथंच पुढचे वर्ग हवेत. दुसरं, सकाळी शाळेच्या वेळेला आणि संध्याकाळी सहानंतर बस हवी. सध्या सगळा भार वडापवर (शेअर जीप-रिक्षांवर) आहे आणि अंधार पडल्यावर वडापनं मुलीला पाठवायला कुणाचं मन धजत नाही. तिसरं, ज्यांची घरं अजून नियमित झाली नाहीत त्यांचे नियमितीकरणाचे दाखले मार्गी लागावेत.

एका ओळखीच्यांकडून जुनी विषयपत्रिका वाचायला मिळाली. प्रत्येक विषयाच्या शेवटी ‘विचारविनिमय होऊन निर्णय होणेस’ असं असतं. पण कोण काय बोललं, विरोध कुणी केला, प्रशासनानं उत्तर काय दिलं, हे त्यातून कळत नाही. ते कुठं बघायला मिळतं? नगरसेवकांनी ‘विषय’ द्यावा, ‘प्रश्न’ विचारावा की ‘लक्षवेधी’ मांडावी, यात आमच्या फायद्याचं काय? आणि सामान्य माणसाला सभेला बसता येतं का? माहितगारांनी मार्गदर्शन करावं, ही विनंती.

जुना कारकून:

ताई, मी दुसऱ्या एका महापालिकेच्या नगरसचिव कार्यालयात (सभांचं कामकाज बघणाऱ्या) नोकरी केली, त्या अनुभवावर सांगतो. कायदा दोन्हीकडं एकच, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. महासभा लोकांना खुली असते. हजर सदस्यांनी बहुमतानं बंद दाराआड चर्चा करायचं ठरवलं तरच बाहेर जावं लागतं. प्रेक्षागॅलरीत बसायला पास लागतो का, हे नगरसचिवांकडं आधी विचारून घ्या. चार-पाच बायका वही घेऊन गॅलरीत बसल्या की बोलणाऱ्यालाही भान येतं, हे मी कित्येकदा पाहिलंय.

इतिवृत्तात भाषणं सापडणार नाहीत. सूचक (ठराव मांडणारा), अनुमोदक (त्याला दुजोरा देणारा), ठराव क्रमांक आणि ‘सर्वानुमते मंजूर’ किंवा ‘बहुमताने मंजूर’ एवढंच बहुतेक वेळा असतं. सभेचं रेकॉर्डिंग होत असेल तर त्याची प्रत माहिती अधिकारात मागता येते. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ नुसार, कोणत्या समित्यांच्या सभा लोकांना खुल्या आहेत आणि कोणाची इतिवृत्तं बघायला मिळतात, हे कार्यालयानं स्वतःहून जाहीर करायचं असतं. शिवाय राज्य सरकारच्या २६ नोव्हेंबर २०१८ च्या निर्णयाप्रमाणे दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहता येतात. आधी तिथं जाऊन बघा, मग नेमका ठराव क्रमांक टाकून अर्ज करा. अर्ज एकाच विषयाचा, १५० शब्दांच्या आत, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. उत्तराची मुदत ३० दिवस.

आता मुख्य गोष्ट. ‘विषय’, ‘प्रश्न’ आणि ‘लक्षवेधी’ ही तीन वेगळी हत्यारं आहेत. लक्षवेधीवर बोलायला वेळ मिळतो, बातमी येते, पण हातात ठराव पडत नाही. प्रश्न लेखी आणि आगाऊ द्यावा लागतो, त्याचं उत्तर प्रशासनाकडून येतं आणि ते नोंदीत जातं. ठराव हवा असेल तर विषयच द्यावा लागतो. त्यातही पैशाचा विषय असेल तर आयुक्तांकडून गोषवारा (विषयाची टिपणी) यावा लागतो आणि कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे अंदाजपत्रकातल्या कुठल्या खात्यातून, खर्च होणार ते दिसावं लागतं. नुसतं ‘सुविधा द्याव्यात’ असा ठराव मंजूर होतो आणि कपाटात पडतो. सभेची नोटीस सात पूर्ण दिवस आधी निघते, त्यामुळं नगरसेवकांचं पत्र त्याच्याही आधी नगरसचिवांकडं पोचलं पाहिजे. ऐनवेळच्या विषयात (पत्रिकेत नसलेल्या) घुसवू म्हणणाऱ्यांवर विसंबू नका.

माझा सल्ला असा की आधी प्रश्न विचारायला लावा. उत्तरात आकडा येईल, आकड्यावर विषय उभा राहतो.

मिरज जंक्शन:

बसचं थोडक्यात सांगतो. सांगली-मिरज शहर बस एसटी चालवते, महापालिका नाही. कोल्हापूरला केएमटी ही शहर बस महापालिकेची आहे म्हणून तिथं लोक सभागृहात भांडतात. आपल्याकडं त्याच मागणीचं पत्र एसटीच्या विभाग नियंत्रकांकडं जायला हवं. कायद्यातही सार्वजनिक वाहतूक हे महापालिकेचं ऐच्छिक काम आहे, बंधनकारक नाही. महासभेनं फार तर शिफारस करावी. थांब्याची शेड, थांब्यावरचा दिवा आणि बस वळायला जागा मात्र महापालिकेकडं मागा. बस फिरवायला जागा नाही म्हणून फेरी नाकारली जाते, तेव्हा हेच आधी मागितलेलं बरं. वडापच्या भाड्याची किंवा परवान्याची तक्रार असेल तर ती आरटीओकडं.

खडू-फळा:

मी शिक्षिका आहे, शाळेपुरतंच बोलते.

ताई, तुमच्या मागणीत ‘पुढचे वर्ग’ असं मोघम आहे, ते फोडून लिहा. आठवी वेगळी आणि नववी-दहावी वेगळी. प्राथमिक शाळा चालवणं हे महापालिकेचं बंधनकारक काम आहे आणि शिक्षण हक्क कायदा २००९ नं पहिली ते आठवी एकत्र धरली आहे. म्हणून आठवीचा वर्ग जोडा, ही मागणी सभागृहाला ‘आमचं काम नाही’ म्हणून टाळता येणार नाही. नववी-दहावीला मात्र वेगळी परवानगी, वेगळी शिक्षकपदं, सगळं राज्य सरकारकडं जातं. दोन्ही एका वाक्यात लिहिलंत तर दुसऱ्याच्या नावावर पहिलीही अडकेल.

अंतराचं बघा. राज्याच्या २०११ च्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत हवी. तुमच्यापासून ३ किलोमीटरमध्ये आठवी असलेली शाळा असेल तर प्रशासन तेवढंच उत्तर देऊन मोकळं होईल. तेव्हा पोरी खरोखर ज्या वाटेनं चालतात ती वाट मोजा, नकाशावरची सरळ रेघ नको. पावसाळ्यात वाट बदलत असेल तर तीही लिहा.

आणि यादी करा. पाचवी, सहावी, सातवीत आज किती मुलं-मुली आहेत, कुठल्या गल्लीतल्या, सातवी झालेल्यांपैकी किती जणींचं शिक्षण थांबलं. शिक्षकांची पदं संचमान्यतेत (शिक्षकपदांच्या सरकारी मंजुरीत) पटावर ठरतात. पट नाही म्हणून शिक्षक नाही, शिक्षक नाही म्हणून पालक पोरं काढतात, पुन्हा पट खाली, हे मी वर्षानुवर्षं जवळून बघते आणि फार वाईट वाटतं. तुम्ही सह्यांची यादी देताना ‘आठवी सुरू झाली तर माझं मूल इथंच ठेवीन’ असं पालकांकडून लिहून घ्या. त्या एका ओळीला कोऱ्या सह्यांच्या गठ्ठ्यापेक्षा जास्त वजन आहे.

काळीमाती:

खडू-फळा ताई, मनापासून धन्यवाद. थांबलेल्या मुलींची यादी आम्ही गल्लीवार करू शकतो, गटाच्या बायकांना घरन् घर माहीत आहे. पण त्या मुलींची नावं निवेदनात जाहीर लिहावीत का? दोन-तीन घरांत लग्नाची बोलणी सुरू आहेत, नाव कागदावर आलं तर घरचे चिडतील.

खडू-फळा:

नावं अजिबात नकोत. गल्ली आणि संख्या पुरे. नावांची यादी तुमच्याजवळ ठेवा आणि मुख्याध्यापकांना भेटून शाळाबाह्य मुलांच्या नोंदीत या मुली आल्यात का ते तोंडी विचारा. लग्नाचं वय झालेलं नसेल तर ते वेगळं आणि तातडीचं काम आहे. त्यासाठी महासभेची वाट बघू नका, १०९८ ही चाइल्डलाइन आहे, फोन करणाऱ्याचं नाव गुप्त राहतं.

पूररेषा:

घरांबद्दल लिहितो. इथं जपून पाऊल टाका, कारण एकाच वसाहतीत दोन प्रकारची घरं असू शकतात.

गुंठेवारीचा कायदा २००१ चा. आधी १ जानेवारी २००१ पूर्वीच्या गुंठेवारीलाच तो लागू होता, २०२१ च्या दुरुस्तीनं ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आली. प्रशमन शुल्क (विनामंजुरी बांधकाम नियमित करून घ्यायचं शुल्क) आणि विकास आकार (रस्ते-गटारींसारख्या सुविधांसाठीची रक्कम) भरून दाखला मिळतो. हे झालं साध्या घरांचं. पण आपलं गाव कृष्णेच्या काठावर आहे. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, धोका पातळी ४५ फूट. पूररेषा जलसंपदा विभाग आखतो. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत जागा असेल तर महासभेनं कितीही ठराव केले तरी काम पुढं सरकत नाही. कायद्याशी विसंगत ठराव राज्य सरकार महापालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली विखंडित, म्हणजे रद्दही करू शकतं. म्हणून प्रत्येक गट नंबर नकाशावर कुठं पडतो ते आधी नगररचना विभागात बघून घ्या आणि दोन याद्या करा. रेषेबाहेरच्यांचा दाखला अडलेला असेल तर कारण विचारता येतं. आतल्यांसाठी मागणी वेगळी लागेल, पुनर्वसनाची किंवा पर्यायी जागेची.

कागद महत्त्वाचा आहे हे नक्की. पंतप्रधान आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधायला जे अडीच लाख मिळतात, त्यालाही जागेचा पुरावा लागतो.

‘जुना कारकून’ काकांनी प्रश्नाचं सांगितलं, त्याला धरून एक प्रश्न सुचवतो: आमच्या प्रभागातून गुंठेवारी नियमितीकरणाचा विकास आकार आजपर्यंत किती जमा झाला आणि त्यातला किती त्याच प्रभागातल्या गटारी-रस्त्यांवर खर्च झाला? याचं उत्तर आकड्यातच द्यावं लागतं. तुमच्या चिखलाचा विषय तिथूनच उभा राहील. तुम्ही मागण्यांत निचऱ्याचं नावही घेतलं नाहीत, मला तर तोच पहिला विषय वाटतो.

काळीमाती:

निचऱ्यावर आमच्यात बरीच चर्चा झाली होती. ज्येष्ठ मंडळी म्हणत होती की गटार हाच पहिला विषय. पण गटारीचं काम मोठ्या योजनेत अडकतं, वर्षं जातात, आणि तोवर आज सातवीत असलेली मुलगी घरी बसते. म्हणून शाळा पहिली ठेवायची, यावर बायका ठाम आहेत आणि मीही. विकास आकाराचा प्रश्न मात्र घेतेच, तो अगदी नेमका आहे.

सगळ्यांचं वाचून मसुदा असा केलाय. महासभेसाठी विषय एकच, ‘शाळेस इयत्ता आठवीचा वर्ग जोडणे व त्यासाठी वर्गखोलीची तरतूद करणे’. सोबत गल्लीवार संख्या, मोजलेलं अंतर आणि पालकांचं लेखी. प्रश्न एकच, विकास आकाराचा. बसचं पत्र वेगळं, एसटीकडं, आणि थांब्याच्या दिव्याचं व वळायच्या जागेचं प्रभाग समितीकडं. दाखल्यांचं गट नंबर बघून झाल्यावर, दोन याद्यांसह.

एकच शंका राहिली. निवेदन चारही नगरसेवकांना द्यायचं, पण ते वेगवेगळ्या पक्षांचे असतील तर सूचक कुणाला करायचं? एकाला धरलं की दुसरा दुरावतो.

जुना कारकून:

मसुदा उत्तम आहे. सूचक आणि अनुमोदक वेगवेगळ्या पक्षांचे घ्या, उरलेल्यांच्या सह्या त्याच पत्रावर पाठिंबा म्हणून. एकच पत्र, चार सह्या. ते पत्र तुम्ही स्वतः बरोबर जाऊन आवक विभागात द्या आणि पोच घ्या, शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक नीट उमटलाय का बघून. विषयपत्रिकेत विषय आला नाही तर त्याच क्रमांकावर नगरसचिवांना लेखी कारण विचारता येतं.

आणि वर्गखोलीचा खर्च असेल तर आयुक्तांचं अंदाजपत्रक स्थायी समितीपुढं जायच्या आधी हे पत्र पोचवा. स्थायीत १६ सदस्य असतात. तुमच्या भागाजवळचं कुणी त्यात आहे का ते शोधा आणि प्रत त्यांनाही द्या. महासभेत अंदाजपत्रक येतं तेव्हा बेरजा जवळपास झालेल्या असतात, नवीन कलम घुसवायचं तर दुसऱ्याचं कापावं लागतं.

काळीमाती:

काका, खूप आभार. स्थायीच्या सदस्यांची नावं काढायला एकीला सांगितलंय. गल्लीवार यादीचं काम रविवारपासून सुरू करतोय. कुणाकडं आठवीचा वर्ग जोडल्याच्या एखाद्या जुन्या ठरावाची प्रत असेल, कुठल्याही महापालिकेची चालेल, तर इथं चिकटवा. भाषा कशी लिहायची ते तिच्यावरून कळेल.