मदत हवी आहे : थाई ग्रीन करी फाटतेय, रविवारच्या आत उत्तर पाहिजे

विश्रामबागवाली
तिसऱ्यांदा फाटली. पनीरसारखे दाणे धरतात, पाणी वेगळं होतं आणि हिरवा रंग जाऊन शेवाळी-करडा होतो. पेस्ट व्यवस्थित जमली आहे, त्यामुळे कृपया पेस्टच्या रेसिपी देऊ नका. नारळाचं दूध कुठल्या कंपनीचं घ्यायचं तेवढंच सांगा. रविवारी परत करून बघणार आहे. फेब्रुवारीत बोटीवर करायची आहे, त्याआधी जमायला हवी.

पाटावरवंटा
आत्ता कुठलं वापरताय? डब्यातलं, खोक्यातलं, पावडरचं की नारळ खवून काढलेलं? भांडं कुठलं, किती वेळ शिजवली, आंबट काय घातलं?

कराडचा_खादाड
अहो, फाटली तर चांगलंच की! थाई करी फाटायलाच पाहिजे. ते लोक त्याला 'तेक मान' म्हणतात, म्हणजे तेल फुटून वर येणं. मुद्दाम करतात.

पाटावरवंटा
खादाडभाऊ, घोळ नको. तेल सुटणं वेगळं आणि दाणे धरणं वेगळं. तेल सोडवतात ते सुरुवातीला, नुसत्या दाट सायीचं, पाणी आटवून. मग त्या तेलात पेस्ट परततात. या म्हणतायत ते शेवटी होतंय. दुधातली प्रथिनं साधारण ८० अंशांच्या पुढे गोळा व्हायला लागतात, आंबट पडलं की त्याच्याही आधी. तो दोष आहे, तंत्र नव्हे.

विश्रामबागवाली
घरचंच दूध आहे. दोन नारळ, मिक्सरला फिरवून पंचातून पिळलेलं. शिजवलं नेहमीसारखंच. एक लिंबू पिळलं. कंपनीचं नाव सांगा ना कुणीतरी.

मिरजेची_सूनबाई
ताई, नेहमीसारखं म्हणजे कुकरला नाही ना लावली?

विश्रामबागवाली
कुकरलाच. एकच शिट्टी. चिकन कच्चं राहायला नको म्हणून.

कराडचा_खादाड
😂 संपला विषय. धागा बंद करा.

पाटावरवंटा
हसू नका, दोन्ही दुखणी तिथलीच आहेत. कुकरच्या आत १२० अंशांच्या जवळपास तापमान जातं, त्यात ताज्या दुधाचं काही खरं नाही. रंगाचंही तेच. हिरव्या रंगातलं मॅग्नेशियम आम्लाने आणि उष्णतेने निघून जातं आणि करडा रंग उरतो. झाकण बंद असलं की भाजीतली आम्लं वाफेबरोबर बाहेर पडत नाहीत, वर लिंबू. आणि ग्रीन करीत लिंबाचा रस घालतच नाहीत. मक्रूट नावाच्या थाई लिंबाची साल असते, पानं असतात. रस 'तोम खा' सुपात जातो, तोही गॅस बंद केल्यावर.

रविवारी असं करा. दोन नारळांच्या खवात दीड वाटी कोमट पाणी घालून पहिलं दूध काढा आणि फ्रीजमध्ये तीन तास हलवू नका, वर साय जमते. त्याच चोथ्यात दोन वाट्या पाणी घालून दुसरं दूध. पसरट कढईत पाऊण वाटी साय मध्यम आचेवर ढवळत राहा. आधी मोठे बुडबुडे येतात, मग आवाज बदलतो, चुरचुरायला लागतं, कडेला तेलाचा तवंग दिसतो. सहा-सात मिनिटं लागतात. त्यात चार चमचे पेस्ट, लसणाचा कच्चा वास जाईपर्यंत परता, चार-पाच मिनिटं. मग बिनहाडाचे चिकनचे तुकडे, वरून दुसरं दूध, आणि झाकण न ठेवता मंद आचेवर बारा मिनिटं. खळखळून उकळू द्यायचं नाही. उरलेलं दाट दूध शेवटच्या दोन मिनिटांत. चमचाभर गूळ घालायचा तर पिवळसर घ्या, काळ्या गुळाने पुन्हा रंग मरतो.

बाजारचं घेणारच असाल तर कंपनी नको, मागची चिठ्ठी वाचा. गवार गम, पॉलिसॉर्बेट असलं काही लिहिलेलं असेल तर ते सहसा फाटत नाही, पण त्यातून तेलही सुटत नाही. मग खाण्याचं खोबरेल दोन चमचे घालून पेस्ट त्यात परतायची.

हळदीचा_सौदा
सांगलीत राहून ग्रीन करी कशाला? आपल्या हळदीला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय. आता ओली हळद बाजारात आहे, यलो करी करा. दोन इंच ओली हळद, आठ लाल सुक्या मिरच्या, धणे-जिरे, आलं, लसूण. रंग उडायची भानगडच नाही.

विश्रामबागवाली
हे मी विचारलं नव्हतं.

कृष्णामाई
वांगी कुठली घालता? कृष्णाकाठची हिरवी-पांढरी रेघांची घाला, थाई वांग्याला तोड आहे.

पाटावरवंटा
चवीला हो, पण थाई गोल वांगं कडक असतं, फोड अख्खी राहते. आपलं दहा मिनिटांत गळतं. मोठ्या फोडी करून शेवटी सहा मिनिटंच द्या.

साताऱ्याचा_टपरीवाला
तुळस घातली का? शेवटी मूठभर तुळस घातली की अस्सल थाई.

मिरजेची_सूनबाई
तुळशीची पानं चिकनमध्ये?? घरात सासूबाई असतील तर जपून. 😄

साताऱ्याचा_टपरीवाला
थायलंडमध्ये घालतातच की, फोटो टाकू का?

पाटावरवंटा
घालतात, पण 'पाद क्रापाव'मध्ये, खिम्यासारख्या परतलेल्या प्रकारात. ग्रीन करीत बडीशेपेच्या वासाचं बेझिल असतं. त्याच्या सगळ्यात जवळचं म्हणजे सब्जाचं झाड. सब्जा पेरा, काही आठवड्यांत खुडण्याजोगी पानं येतात. रविवारसाठी मात्र उशीर झाला.

शिडं_सोडा
बोटीवर म्हणजे कुठल्या? हाउसबोट, लाँच की शिडाची? किती जण, किती शेगड्या?

विश्रामबागवाली
शिडाची. फुकेटहून फांग न्गाचा उपसागर आणि खालची बेटं, पाच दिवस. आठ जण. स्किपर (बोट चालवणारा) त्यांचा, स्वयंपाक आपला.

शिडं_सोडा
मग बरंच बदलतं. महिना योग्य आहे. नोव्हेंबर ते एप्रिल ईशान्येकडचा वारा असतो, अंदमान समुद्राची ती बाजू शांत राहते. बोट एकाच सांगाड्याची (मोनोहल) असेल तर शिडावर कलते. तिथली शेगडी झुलती असते, खिट्टी काढली की बोट कलली तरी भांडं सपाट राहतं. कॅटामरान (दोन सांगाड्यांची) असेल तर शेगडी सहसा पक्की बसवलेली. दोन्हीवर नियम एकच: नांगर टाकल्याशिवाय पातळ पदार्थ चढवायचा नाही. भांडं उभट आणि निम्मंच भरलेलं, शेगडीच्या पट्ट्या भांड्याला आवळून. काम झालं की नुसता नॉब नाही, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर बोटीच्या तळात साचतो.

आणि मिक्सर विसरा. नांगरावर असताना इन्व्हर्टर किंवा जनरेटर नसेल तर घरगुती वीज नसते. पेस्ट सांगलीहून न्यायचीही गरज नाही, फुकेटच्या मंडईत ताजी पेस्ट वजनावर मिळते, नारळाचं दूधही समोर पिळून देतात. त्या दिवशीचं त्या दिवशी वापरा, उरलं तर बर्फात.

विश्रामबागवाली
आठातले तिघे शाकाहारी आहेत.

कराडचा_खादाड
हे आत्ता सांगताय!

शिडं_सोडा
मग बाजारची पेस्ट बाद. त्यात कपी असतं, बारीक कोळंबीचं आंबवलेलं. दुकानात पिवळ्यावर लाल 'เจ' अक्षर असलेली पाकिटं बघा. ते 'जे' म्हणजे मांस-मासे नाहीच, वर कांदा-लसूणही नाही.

कोकणातून_मिरजेत
घरी मांसाहारी करताना कपी मिळत नसेल तर जवळा घ्या. कपी त्याच जातीच्या बारीक कोळंबीचं होतं. कोरडा भाजून चमचाभर पूड.

मिरजेची_सूनबाई
आणि फिश सॉसऐवजी शाकाहाऱ्यांना फिका सोया सॉस आणि चिमूटभर मीठ. गडद सोया घातला की पुन्हा रंग गेला.

साताऱ्याचा_टपरीवाला
पेस्ट घरूनच न्या. बरणीत घालून वर दोन बोटं तेल ओता, लोणच्यासारखी महिनाभर बाहेर टिकते.

पाटावरवंटा
अजिबात नाही! लोणच्यात आंबट आणि मीठ भरपूर असतं, या पेस्टमध्ये दोन्ही नाही. ओला लसूण तेलाखाली बाहेर ठेवला की हवा मिळत नाही आणि बोट्युलिझमचे (जीवघेण्या विषबाधेचे) जंतू तिथंच वाढतात. वासावरून कळतही नाही. एक तर गोठवून न्या, नाही तर नेऊच नका.

साताऱ्याचा_टपरीवाला
आमच्याकडे चालतं.

पाटावरवंटा
तुमच्याकडे चालू दे. बोटीवर दवाखाना नाही.

शिडं_सोडा
भांडू नका, सोपं आहे. इथून फक्त कोरडं न्या: चार चमचे धणे, दोन चमचे जिरे, दोन चमचे पांढरी मिरी, भाजून पूड. बाकी मिरची, गलांगल (आल्यासारखं मूळ), गवती चहाचे दांडे, मक्रूट लिंबाची पानं, कोथिंबीर मुळांसकट, सगळं तिथल्या मंडईत. दगडी खलबत्ताही तिथंच घ्या. शाकाहारी पेस्ट एकदाच कुटा आणि सगळ्यांना तीच. मांसाहाऱ्यांच्या पातेल्यात वेगळा फिश सॉस.

विश्रामबागवाली
आता गवती चहाचं सांगा. मी पातीच वाटतेय, चहात घालतो ती. तंतू राहतात.

पाटावरवंटा
पेस्ट व्यवस्थित जमली होती ना? 🙂 पाती नाही, बुंधा. झाड तेच, पण आपण पातीसाठी लावतो म्हणून दांडे बारीक राहतात. बाजारच्या तीन जाड दांड्यांऐवजी घरचे आठ-दहा घ्या. मुळाकडचा चार बोटांचा फिकट भाग, वरची दोन आवरणं काढून, आडवा अगदी पातळ चिरून मगच मिक्सरला. पाणी न घालता दोन चमचे साय घाला. गलांगल आयुर्वेदिक दुकानात कुलिंजन म्हणून सुकं मिळतं, अर्धा तास गरम पाण्यात भिजवा. नुसतं आलं घातलंत तर चव आपल्या रश्श्याची येईल.

विश्रामबागवाली
आजच केलं, रविवारची वाट बघितली नाही. कढईत, लिंबाशिवाय. दाणे नाहीत, कडेला तेल आलं. रंग हिरवाच आहे, थोडा फिका.

पाटावरवंटा
फिकाच हवा. थाई नावात ('केंग खियाव वान') 'वान', म्हणजे 'गोड', आहे ते त्या मवाळ हिरव्यासाठीच. गडद हवा असेल तर पेस्टमध्ये मूठभर कोथिंबीर वाढवा.

कृष्णामाई
वांगी घातली का नाही ते राहिलंच सांगायचं.