थंडीत वीजबिल तिप्पट आलंय, आईची खोली गरम ठेवायला काय करता तुम्ही?

कादवाकाठ
नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात मळ्यातच घर आहे आमचं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा पेपरात चार-पाच अंश म्हणून छापून येतो ना, त्या दिवशी आमच्याकडे पहाटे गोधडीतून हात बाहेर काढवत नाही. घरात पाच माणसं, आई 72 वर्षांची आणि तिला दमा. इतकी वर्षं तांब्याचा बंब होता, छाटणीच्या काड्या, गोवऱ्या, मक्याचे दाणे काढून उरलेली कणसं, जे असेल ते त्यात जायचं, पण त्या धुराने आईचा खोकला थांबेना म्हणून दिवाळीनंतर बंब बंद केला आणि 15 लिटरचा गिझर बसवला. शिवाय तिच्या खोलीत संध्याकाळी दोन तास हिटर, तोही 1000 वॅटवरच.
आधीचं बिल 95 युनिट, आठशेच्या आसपास. आता आलंय ते 240 युनिट आणि सत्तावीसशे रुपये. कांद्याचे पैसे अजून हातात नाहीत, गॅसची टाकी साडेआठशेच्या पुढे, त्यामुळे पाणी गॅसवर तापवायलाही जीव होत नाही. आणि हिटर बंद केला की अर्ध्या तासात खोली परत गार, वर पत्रा आहे. शेजारचे म्हणतात शेगडीत निखारे घालून खोलीत ठेव, पूर्वी सगळे तेच करायचे. ठेवू का?

दिंडोरी_मळा
दादा आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं बोलतो, बाकीचं नंतर. निखारे खोलीत ठेवू नका. धूर दिसत नाही म्हणून वाटतं काही नाही, पण निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना वास ना रंग, माणूस झोपेतच बेशुद्ध होतो. आमच्या वस्तीवर दोन वर्षांपूर्वी बागेत कामाला आलेल्या एका जोडप्याने थंडीमुळे खोलीत घमेल्यात निखारे ठेवून दार लावलं, पहाटे लेकरू रडायला लागलं म्हणून बाईला जाग आली, तिला उभंच राहता येईना, सरपटत जाऊन दार उघडलं तिने. वाचले तिघंही, पण मी तो दिवस विसरलो नाही. पूर्वी चालायचं कारण घरं कौलारू, फटी भरपूर, हवा खेळती असायची. आता काचेच्या खिडक्या आणि घट्ट दारं.
गॅस गिझर घ्यायचा विचार आला तर तोही बाथरूमच्या आत कधीच नको, बाहेरच्या भिंतीला लावा आणि पाइप आत घ्या. तोच वायू तिथेही.
आणि द्राक्षाच्या काड्यांचं म्हणाल तर वर्षभर आपण त्या वेलीवर काय काय फवारतो ते आपल्यालाच माहिती. आईंना दमा असताना तो धूर बंद केलात ते बरंच केलंत.

खांबावरचा_माणूस
वीज खात्यात नाही पण वायरिंगची कामं करतो 20 वर्षं, म्हणून जरा हिशोब सांगतो. 20 लिटरची बादली 15 अंशांवरून 40 ला न्यायची तर अर्ध्या युनिटपेक्षा थोडी जास्त वीज लागते. पाच माणसं, पाच बादल्या, म्हणजे रोजचे तीन युनिट, महिन्याला 90. हिटर दोन तास म्हणजे रोज दोन युनिट, महिन्याला 60. झाले 150, तुमचे युनिट जवळपास तेवढेच वाढलेत, मीटरवर संशय घेऊ नका. मार बसतो तो यामुळे की 100 युनिटच्या वर गेलं की रेट जवळजवळ दुप्पट होतो आणि हे वाढलेले जवळजवळ सगळे युनिट त्या वरच्या रेटमध्येच पडतात. म्हणजे पाणी तापवणं विजेवरून काढलं तर सगळ्यात महाग युनिट आधी वाचतात.
गिझरचा थर्मोस्टॅट बघा, बऱ्याच घरात 60-70 वर असतो आणि मग त्यात गार पाणी मिसळत बसतात, 45-50 वर आणा. सगळ्यांनी पाठोपाठ आंघोळ करा, मधे तासभर गेला की तापलेलं पाणी उगाच गार होतं. पाण्यात सोडायचा रॉड मात्र स्वस्त पडतो म्हणून आणू नका, युनिट तेवढेच लागतात आणि बादलीत हात घालून शॉक बसलेली माणसं मी स्वतः पाहिलीत. अर्थिंग तपासून घ्या, मळ्यातल्या घरात ती बहुतेक वेळा नावालाच असते.

सिन्नरकरीण
दादा, आमच्याकडे तीन वर्षांपासून छतावर सोलर वॉटर हीटर आहे, काचेच्या नळ्यांचा, 100 लिटरचा, तेव्हा वीस हजाराच्या आसपास गेले. आपल्याकडे थंडीत आकाश निरभ्र असतं त्यामुळे नेमकं हिवाळ्यातच पाणी मस्त तापतं, ढगाळ पावसाळ्यात मात्र आशा ठेवू नका. आम्ही एक सवय बदलली, मुलं शाळेतून आली की संध्याकाळीच आंघोळ करतात, तेव्हा पाणी सगळ्यात कडक असतं, आणि सकाळी सासूबाईंना टाकीतलं उरलेलं पुरतं. छतापासून न्हाणीपर्यंतचा पाइप लांब असेल तर त्यावर फोमचं आवरण चढवा नाहीतर पहाटे पहिली अर्धी बादली गारच येते.
एकच त्रास, आमचं बोअरचं पाणी क्षाराचं, दीड वर्षात नळ्यांच्या आत पांढरा थर बसला आणि पाणी कोमट यायला लागलं. ज्याने बसवलं त्याने हे आधी सांगितलंच नव्हतं, नंतर फोनही उचलेना. पाणी जड असेल तर घेण्याआधीच तसं बोला.

खांबावरचा_माणूस
ताईंचं बरोबर. फक्त सबसिडीचा घोळ करू नका, फेब्रुवारी 2024 ला आलेली पीएम सूर्यघर योजना वीज तयार करणाऱ्या पॅनलसाठी आहे, पाणी तापवायच्या हीटरला नाही. 1 किलोवॅटला 30 हजार, 2 ला 60 हजार, 3 किंवा जास्तला 78 हजार, त्यापुढे नाही. 1 किलोवॅटमधून महिन्याला सव्वाशेच्या आसपास युनिट धरा. पण पत्र्यावर बसवायचं तर खालचा सांगाडा मजबूत आहे का ते आधी बघावं लागेल.

हरसूलचा_पोर
भाऊ सगळे पाण्यावरच बोलले, खोलीचं कोणी बोललं नाही. उष्णता वरून पळते. आमचं जुनं घर कारवीच्या कुडाचं, शेणामातीने लिंपलेलं, वर भाताचा पेंढा, थंडीत आत कधी कुडकुडलो नाही. घरकुल मंजूर झालं, विटा आणि पत्रा आला आणि आजी म्हणाली घर पक्कं झालं पण ऊब गेली. मग आम्ही पत्र्याखाली हातभर जागा सोडून बांबूच्या चटया ठोकल्या, त्यावर जुनी गोणपाटं दोन थर. पेंढा घालणार होतो पण उंदीर आणि आगीची भीती, वायरी वरूनच गेल्यात, म्हणून नाही घातला. जमिनीलगत दाराच्या फटीला गोणपाटाची गुंडाळी, आणि आजीची झोप फरशीवरून खाटेवर. फरक त्याच रात्री कळला.
आणि रबराची गरम पाण्याची पिशवी, टॉवेलात गुंडाळून, झोपायच्या अर्धा तास आधी अंथरुणात. उकळतं पाणी भरू नका, म्हाताऱ्या माणसांची कातडी भाजलेली पटकन कळत नाही. अख्खी खोली तापवण्यापेक्षा अंथरूण तापवलेलं बरं.

गोठा_आणि_मी
जनावरं किती आहेत तुमच्याकडे? चार-पाच असतील तर 2 घनमीटरचा गोबरगॅस चालतो, रोज 50 किलो शेण लागतं. आमच्या घरी स्वयंपाकाची टाकी महिना-दीड महिना जास्त जाते त्यामुळे. पण थंडीत गॅस कमी पडतो हे धरून चाला, शेण कालवायला कोमट पाणी घेतलं तर थोडं सुधारतं.

कादवाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. निखाऱ्यांचं शेजाऱ्यांनाही जाऊन सांगितलं, त्यांच्याकडे बाळंतीण आहे आणि ते खरंच ठेवत होते. थर्मोस्टॅट बघितला, 70 वर होता, 45 वर आणला. जनावरं दोनच आहेत त्यामुळे गोबरगॅस नाही जमणार. सोलर हीटरचं कांद्याचे पैसे आल्यावर बघतो, तोपर्यंत काल दिवसभर मी आणि धाकटा मिळून आईच्या खोलीत चटया ठोकल्या. रात्री हिटर तासभरच लावला. सकाळी आई म्हणाली पहाटे पाय गार नव्हते.
हरसूलच्या भाऊला एक विचारायचं, उन्हाळ्यात ती गोणपाटं काढता का तशीच ठेवता?

हरसूलचा_पोर
ठेवायची भाऊ, ऊनही तेवढंच अडतं. फक्त मे मधे एकदा उतरवून झटका, विंचू बसतात.