सावळी त्वचा, चष्मा आणि तुळशीबागेतलं पॅलेट... थीम लुक कसा जमवायचा?

पेठेतली_पोर

हाय सगळ्यांना, इथे मेकअपचा नाद असलेले बरेच जण दिसतात म्हणून विचारतेय. आमच्या सोसायटीच्या गणपतीत यंदा फॅन्सी ड्रेसच्या जागी 'फक्त चेहरा' अशी स्पर्धा ठेवलीय, म्हणजे कपडे साधेच घालायचे, जे काय दाखवायचं ते मेकअपमधून, आणि थीम आहे पुणं. बक्षीस काय मिळायचं ते मिळो, मला त्या निमित्ताने रोज ऑफिसमधून आल्यावर आरशासमोर बसून वेडंवाकडं काहीतरी करायला जाम मजा येतेय. काल मँगो मस्तानी केली, पापणीवर पिवळा-केशरी, आतल्या कोपऱ्यात क्रीम रंग, खाली पिस्ता हिरवी लाइन आणि चेरी म्हणून भुवईखाली एक लाल टिकली. आई म्हणाली, कावीळ झालीय का तुला.

तर प्रॉब्लेम असा की आयशॅडोच्या (पापणीवर लावायच्या रंगांच्या) पॅलेटमध्ये रंग झक्कास दिसतात, बोटावर घेतले तरी ठीक, पण डोळ्यांवर लावले की पिवळा मातकट होतो आणि निळा चक्क राखाडी. मी सावळी आहे (गव्हाळ वगैरे नाही, सरळ सावळी). पॅलेट तुळशीबागेतलं आहे, मग आता महागातलं घेऊ का? दुसरं म्हणजे मला चष्मा आहे, मायनस पाच, त्यामुळे एवढं रंगवून चष्मा लावला की सगळं गायब. आणि तिसरं, थीमसाठी आयडिया द्या प्लीज, फक्त शनिवारवाडा नको, आमच्याच विंगमधल्या तिघी कपाळावर दिल्ली दरवाजा काढणारेत.

रंगपटातला

ताई, पॅलेटला शिव्या देऊ नका, आधी खाली काय लावलंय ते सांगा. मी हौशी नाटकांना रंगभूषा करतो, आमच्याकडे स्वस्तातल्या स्वस्त रंगांवर प्रयोग निघतात. स्वस्त आयशॅडोत रंगद्रव्य कमी आणि टाल्कसारखी भर जास्त असते, सावळ्या त्वचेवर ती भरच वर दिसते, म्हणून राखाडी. त्यात आपल्याकडे बऱ्याच जणींची पापणी बाकी चेहऱ्यापेक्षा गडद असते. त्यावर थेट पिवळा फासणं म्हणजे भिंतीला प्रायमर न मारता डिस्टेंपर मारणं.

असं करा, पापणी फारच काळपट असेल तर अगदी पुसट केशरी करेक्टर (काळपटपणा मारणारी क्रीम), मग कन्सीलरचा, म्हणजे डाग झाकणाऱ्या त्वचेच्या रंगाच्या क्रीमचा, पातळ थर, बोटाने थापटून. आता जिथे पिवळा किंवा पोपटी हवाय तेवढ्याच भागावर पांढरी आयपेन्सिल फिरवा आणि ती चिकट असतानाच वरून रंग दाबायचा, बोटाने दाबलात तर उत्तम, ब्रश घेतलात तर चपटा. घासायचं नाही! घासलं की खालचा पांढरा वर येतो आणि झाला मातकट. निळ्याचं गणित वेगळं आहे, पांढऱ्यावर निळा भडक आकाशी दिसतो, काळ्या किंवा गडद निळ्या काजळावर तोच निळा मोरपिशी खोल दिसतो, दोन्ही डोळ्यांवर वेगवेगळं करून बघा आणि दोन हात लांबून आरशात बघा, जवळून बघून काही कळत नाही. कडा मिसळायला त्वचेच्या जवळचा एखादा तपकिरी वापरा. पावडरने पापणी आधी सेट करू नका, ते बहुतेक तुम्ही करताय.

आणि थीमबद्दल एकच सांगतो, वस्तूचं चित्र काढू नका. त्या वस्तूतले दोन-तीन रंग आणि एक आकार उचला, बास. दिल्ली दरवाजा कपाळावर काढला तर तो पाचव्या रांगेतून जखमेचा व्रण दिसणार, लिहून घ्या.

चष्मिस_चिंगी

मायनस सहा इकडे, हात मिळव. मायनसच्या काचेतून डोळे लहान दिसतात, त्यामुळे बारीक नक्षी वाया जाते. सगळा जोर डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर आणि फ्रेमच्या बाहेर जो भाग दिसतो तिथे दे, म्हणजे कानशिलाकडे खेचलेली जाड लाइन, भुवईच्या वर काहीतरी, गालफडावर काहीतरी. पापणी हलक्या रंगाची ठेव आणि घडीत गडद. खोट्या पापण्या लांब घेऊ नकोस, काचेला घासतात आणि मग दर मिनिटाला चष्मा पुसत बसायचं. मस्कारा वाळल्याशिवाय चष्मा घालायचा नाही हे तुला माहीत असेलच, पण तरी. आणि कोणी लेन्स लावून जा म्हणालं तर आधी लेन्स, मग मेकअप, काढताना पण आधी लेन्सच. मी तर म्हणते चष्मा थीममध्येच घे ना, फ्रेम आहे की आयती.

कोथरूडची_काकू

मस्तानी वाचून हसले गं. टिकल्यांवरून आठवलं म्हणून सांगते, हल्ली मुली खड्यांच्या टिकल्या गालावर, भुवईवर सगळीकडे चिकटवतात, छान दिसतं, दोन तासांच्या कार्यक्रमाला हरकत नाही. पण रोज सराव म्हणून त्याच जागी त्याच टिकल्या लावू नकोस. काही टिकल्यांच्या गोंदात असं रसायन असतं की वर्षानुवर्षं लावून तिथली त्वचा पांढरी पडते, आमच्या पिढीत कपाळाच्या मधोमध पांढरा ठिपका असलेल्या बायका कमी नव्हत्या. सरावाला पेन्सिलीने ठिपके दे, टिकल्या त्या दिवशीच. आणि खाज आली की लगेच काढ, थोडा वेळ आहे म्हणून चालवून घेऊ नकोस.

पेठेतली_पोर

ओह माय गॉड, पांढरी पेन्सिल!! आत्ता उठून करून बघितलं, डावा डोळा पिवळाधमक आणि उजवा कालचाच मातकट, आई परत काहीतरी बोललीये पण ते इथे लिहीत नाही. थँक यू रंगपटवाले दादा, पावडर लावतच होते मी आधी.

अजून दोन शंका. पॅलेटमधला निऑन गुलाबी मला भयंकर आवडलाय पण पुसल्यावर सकाळपर्यंत पापण्या गुलाबी राहतात, हे नॉर्मल आहे का? आणि बोहरी आळीतून चमकी आणलीय, डब्यातली, रांगोळीत टाकतात ती, पेट्रोलियम जेलीवर लावली तर राहील ना?

लॅबवाली

थांब!! चमकी डोळ्यांना लावू नकोस. ती प्लॅस्टिकच्या चकचकीत पातळ फिल्मचे कापलेले तुकडे असतात, कडा धारदार, आणि डोळ्यात गेला तर बुबुळावर ओरखडा पडतो, वरून आपण डोळा चोळतो म्हणजे अजूनच. जेलीवर तर ती घामाने हमखास घरंगळणार. चेहऱ्यासाठीची म्हणून विकतात ती वेगळी, बारीक असते, ती सुद्धा पापणीच्या कडेपासून लांबच लाव. नुसती झळाळी हवी असेल तर अभ्रकवाली शिमर आयशॅडो ओल्या ब्रशने लाव, पुष्कळ चमकते. काढताना चमकी पुसायची नसते, बोटाला चिकटपट्टी उलटी गुंडाळून टिपून घ्यायची.

गुलाबीचं म्हणशील तर नॉर्मल आहे, निऑन आणि लाल-गुलाबी रंग त्वचेवर डाग सोडतात. पण त्यात एक भानगड आहे. अमेरिकेत डोळ्यांभोवती चालणाऱ्या रंगांची यादी वेगळी आहे, बरेच निऑन आणि लाल-गुलाबी त्यात बसत नाहीत, म्हणून तिथल्या कंपन्या अशा पॅलेटवर आयशॅडो न लिहिता प्रेस्ड पिगमेंट लिहितात आणि मागे बारीक अक्षरात डोळ्यांजवळ वापरू नका असंही. तुझ्या पॅलेटवर घटकांची यादी तरी आहे का बघ, नसेल तर गुलाबी गालावर, कपाळावर खेळ, पापणीवर नको. नवीन काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांब. आणि डबीचं झाकण उघडल्याचं चित्र असतं ना मागे, त्यात ६एम, १२एम लिहिलेलं, ते उघडल्यापासूनचे महिने आहेत, मस्कारा तर तीन ते सहा महिन्यांत टाकूनच द्यायचा. मैत्रिणींनी मिळून एकच काजळ फिरवू नका, एवढं ऐका.

करंडक_वेडा

मुलगा आहे, तरी बोलू का? फिरोदिया करंडकाला (पुण्यातली कॉलेजांची स्पर्धा) आमच्या टीमचे चेहरे मीच रंगवायचो. आयडिया घे:

पैठणी. रुंद काठ म्हणजे वरच्या पापणीच्या कडेला हिरवी जाड लाइन, तिच्यावर सोनेरी बारीक लाइन, उरलेली पापणी राणी कलर. (लॅबवाली ओरडेल, तर राणीऐवजी जांभळा घे.)

मंडईतलं वांगं. गडद जांभळा, वर भुवईकडे हिरवा देठ, ओठ पण जांभळे आणि त्यावर ग्लॉस, कारण वांग्याला चकाकी नसेल तर ते कोणी विकत घेत नाही.

आणि माझी फेव्हरेट, खंड्या. मुठेकाठी तारेवर बसलेला असतो ना तो, लोक बघतात आणि कोणीतरी निळा पक्षी म्हणून पुढे जातात. डोकं चॉकलेटी, पाठ-पंख झगझगीत निळे, गळा पांढरा, चोच लाल. म्हणजे घडीत आणि बाहेर चॉकलेटी, पापणीवर निळा कानशिलापर्यंत पंखासारखा खेचलेला, आतल्या कोपऱ्यात पांढरा, आणि ओठ पोवळी लाल. चष्म्याच्या बाहेर निळा पंख दिसणारच. शिवाय सावळ्या रंगावर चॉकलेटी आणि निळा जे दिसतं ते गोऱ्यांना जमत नाही, सॉरी नॉट सॉरी.

पेठेतली_पोर

खंड्या!!! फायनल. निळ्याखाली काळं काजळ घेऊ की पांढरी पेन्सिल? आणि स्टेजवर लाइट असणारेत, ते रंगीत फिरणारे, त्याने काही फरक पडेल का?

रंगपटातला

पडतो म्हणजे काय, वाट लागते. पिवळ्या लाइटखाली निळा मरगळतो, लाल लाइट आला की लाल ओठ फिक्के पडतात, निळ्या लाइटखाली तेच ओठ काळे दिसतात. कार्यकर्त्यांना आधीच गाठून सांगा की स्पर्धेच्या वेळी साधा पांढरा लाइट ठेवा, चहा पाजा, ऐकतात. पंखाचा पापणीवरचा भाग पांढऱ्या पेन्सिलवर, म्हणजे लांबून भडक दिसेल, आणि टोकाकडे काजळावर. निळ्या-चॉकलेटीच्या मधली कड पुसट करू नका, खंड्याचीही नसते. मोबाइलचा फ्लॅश मारून एक फोटो आधी घरी काढून बघा, काही बारीक पांढऱ्या सेटिंग पावडरी डोळ्यांना दिसत नाहीत पण फोटोत चुना फासल्यागत उठतात.

स्पर्धा आरतीच्या आधी आहे की नंतर? नंतर असेल तर मेकअप करून आरतीला उभं राहू नका, मांडवात गर्दी, कापराचा धूर, टाळ्या वाजवून घाम, ओठाच्या वरचा भाग पहिला वाहून जातो. आरती झाली की घरी जा, तोंड धुवा, पंख्याखाली दहा मिनिटं बसा आणि मग सुरू करा. काढताना आधी खोबरेल किंवा क्लेन्झिंग बाम, मग फेसवॉश, नुसत्या फेसवॉशने काजळ गालावर येतं.

कोथरूडची_काकू

आणि फोटो टाक गं इथे. आईच्या प्रतिक्रियेसकट.