मदत हवी आहे: अनुभव सात महिन्यांचा, जाहिरातीत मागितलाय दोन वर्षांचा. मुलाखतीत स्वतःला कसं मांडायचं?

कोरी_पाटी
पुढच्या गुरुवारी मुलाखत आहे, पद ज्युनियर डेटा ॲनालिस्टचं. जाहिरातीत दोन वर्षांचा अनुभव, एक्सेल, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) आणि 'इतर विभागांशी समन्वय' मागितलाय. माझ्याकडे सात महिन्यांची इंटर्नशिप आहे (दोन गोदामांचा साठा जुळवून आठवड्याचा रिपोर्ट) आणि कॉलेजचा एक प्रोजेक्ट. समोर टीमचा मॅनेजर आणि एचआर असतील, वेळ ४५ मिनिटं. 'स्वतःबद्दल सांगा' याला काय सांगू? अनुभवाचा विषय निघाला तर? आणि न येणारं काही विचारलं तर? 'आत्मविश्वास ठेवा' सोडून काहीही चालेल.

आडवा_तक्ता
बोलावलंय म्हणजे ते सात महिने वाचूनच बोलावलंय. तेव्हा तो विषय तुम्ही होऊन उकरू नका. 'अनुभव तसा कमीच आहे, पण...' अशी सुरुवात केली की पुढचं सगळं सारवासारव केल्यासारखं वाटतं.

आज एवढं करा. कागदाचे दोन रकाने पाडा. डावीकडे जाहिरातीतली फक्त क्रियापदं उतरवा: जुळवणे, तपासणे, रिपोर्ट देणे, समन्वय साधणे. उजवीकडे प्रत्येकापुढे तुम्ही प्रत्यक्ष केलेलं काम, एका ओळीत. जिथे रिकामं राहील तिथे सर्वांत जवळचं काम लिहा. गोदामातून वेळेवर फाइल मिळवण्यासाठी फोनाफोनी केली असेल तर तोही समन्वयच.

मग त्यातून पाच प्रसंग निवडा: चूक सापडली तो, काम नेमकं काय ते स्पष्ट नव्हतं तो, कुणाशी मतभेद झाला तो, काहीतरी घाईने शिकावं लागलं तो, आणि तुमच्याच हातून बिघडलं तो. बहुतेक 'असा एखादा प्रसंग सांगा' छापाचे प्रश्न या पाचांतच बसतात. प्रत्येक प्रसंग दोन मिनिटांच्या आत. परिस्थितीला दोन वाक्यं, तुमच्यावर काय होतं त्याला एक, शेवटी काय झालं त्याला एक-दोन, उरलेला सगळा वेळ तुम्ही काय केलंत याला. लोक नेमकं उलटं करतात. कंपनी काय बनवते यावर मिनिटभर घालवतात आणि 'मग रिपोर्ट तयार केला' म्हणून संपवतात.

'स्वतःबद्दल सांगा' म्हणजे दीड मिनिट, साधारण १८०–२०० शब्द: सध्या काय करता, त्यातलं एक काम नीट, आणि हेच पद का. शाळेपासून सुरुवात नको.

शून्य_ओळ
वरच्याला +१. शिवाय वर्षांचा धसका घ्यायचं कारण नाही. श्मिट आणि हंटर यांनी १९९८ मध्ये निवडपद्धतींवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला होता. त्यात पुढची कामगिरी आणि अनुभवाची वर्षं यांचा संबंध ०.१८ इतकाच निघाला (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण), आखीव मुलाखतीचा, म्हणजे सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न विचारतात तिचा, ०.५१. अर्थात हे मुलाखतीत ऐकवायचं नाही!

कोरी_पाटी
धन्यवाद. 'चूक सापडली' त्या प्रसंगाचा मसुदा टाकते: 'गोदामाच्या रिपोर्टमध्ये आम्ही एक्सेलचं व्हीलुकअप हे शोधून जुळवणारं सूत्र वापरून डेटा जुळवला, त्यामुळे अचूकता बरीच वाढली आणि वेळही वाचला.'

आडवा_तक्ता
यात तुम्ही कुठेच दिसत नाही. मुलाखत घेणारा तुमच्या नावापुढे गुण मांडतो. 'आम्ही' केलेल्या कामाचे गुण कुणाला द्यायचे? अचूकता वाढली म्हणजे आधी काय चुकत होतं? किती ओळींत? कळलं कसं?

कोरी_पाटी
एका गोदामाची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) थेट एक्सेलमध्ये उघडली जायची. त्यात वस्तूंच्या कोडमधली सुरुवातीची शून्यं उडायची, ००४१२ चं ४१२ व्हायचं. सुमारे ३,२०० पैकी २४० कोड जुळत नव्हते आणि ते साठ्यात शून्य दिसायचे. विक्री झालेल्या वस्तूचा साठा आधीच्या आठवड्यातही शून्य कसा, म्हणून मागे गेले. फाइल नुसती न उघडता डेटा टॅबमधून आत घेतली आणि कोडचा कॉलम टेक्स्ट ठेवला. तीन तासांचं काम चाळीस मिनिटांवर आलं, कारण ते कोड हाताने शोधणं थांबलं.

आडवा_तक्ता
अहो, मग हे कुठे दडवून ठेवलं होतंत? हेच सांगा, याच क्रमाने. 'विक्री आहे पण साठा कधीच नव्हता' हे विसंगत वाटलं, तिथेच तुमची नजर दिसते. व्हीलुकअप सगळ्यांनाच येतं.

आकडे जपून वापरा. १८० मिनिटांची ४० झाली म्हणजे ७८ टक्के बचत, गणित बरोबर आहे. पण टक्का ऐकला की समोरचा मूळ आकडा विचारतोच, म्हणून थेट मिनिटंच सांगा. घड्याळ लावून मोजलं नसेल तर 'अंदाजे' म्हणा.

आणि उपप्रश्नांची तयारी ठेवा, मॅनेजर खरा तिथे तपासतो. 'हेच एसक्यूएलमध्ये कसं केलं असतंत?' विक्रीच्या टेबलला साठ्याचं टेबल लेफ्ट जॉइनने (विक्रीची प्रत्येक ओळ ठेवून) जोडायचं आणि उजवीकडे नल, म्हणजे रिकामं, आलेल्या ओळी वेगळ्या काढायच्या, की न जुळलेले कोड हातात. पण साठ्याच्या टेबलमध्ये एकच कोड दोनदा असेल तर विक्रीची ओळही दोनदा येते आणि बेरीज फुगते. म्हणून जोडण्याआधी आणि नंतर ओळी मोजायच्या. हे न विचारता सांगितलंत तर सात महिने की दोन वर्षं हा प्रश्न बराच मागे पडतो.

तळटीप
न येणाऱ्या प्रश्नाचं राहिलं. गोल गोल बोलू नका, चटकन कळतं. नाही म्हणा, मग जवळचं जे येतं ते जोडा. समजा विंडो फंक्शन विचारलं: 'कामात वापरलेलं नाही. गोदामनिहाय बेरीज ग्रुप बायने काढली आहे, पण त्यात ओळी एकत्र होतात. तुम्हाला प्रत्येक ओळ तशीच ठेवून शेजारी बेरीज हवी आहे, बरोबर ना?' उत्तर अर्धंच आहे, पण प्रश्न कळल्याचं दिसतं.

'मला लवकर शिकता येतं' हे वाक्य मात्र काढूनच टाका. काय शिकलात, किती दिवसांत, आणि त्यातून काय तयार करून दिलंत, एवढं सांगितलं की समोरचा ते स्वतःच म्हणतो.

आणि शेवटी 'माझ्या अनुभवाबद्दल काही शंका असेल तर आत्ताच विचारा' असं सरळ म्हणावं. शंका मनात घेऊन ते उठण्यापेक्षा बरं.

शून्य_ओळ
याच्याशी असहमत. दोघांच्या पॅनेलमध्ये एकाच्या मनात नसलेली शंका आपणच त्याला पुरवतो. त्यापेक्षा विचारा, 'पहिल्या ९० दिवसांत या माणसाकडून काय पूर्ण झालेलं हवंय?' उत्तरात जे काम येईल त्याला पाचपैकी एक प्रसंग तिथल्या तिथे जोडता येतो.

तळटीप
मॅनेजर एकटा असता तर मी माझंच धरून ठेवलं असतं. एचआर शेजारी असताना तुमचं पटतंय.

कोरी_पाटी
पटलं, ९० दिवसांचाच विचारते. शेवटचं: तो रिपोर्ट लॅपटॉपवर दाखवू का?

आडवा_तक्ता
खरा रिपोर्ट अजिबात नको! तो जुन्या कंपनीचा डेटा आहे, आणि तो दाखवणारी व्यक्ती उद्या आपलाही दाखवेल हे मॅनेजरला लगेच सुचतं. मनाने रचलेल्या ५० ओळींची फाइल करा, चार-पाच कोडांची शून्यं मुद्दाम उडवा. एका पानावर वर आधीचा तक्ता, खाली नंतरचा, मध्ये तीन ओळी. समोर दोघं आहेत, तेव्हा दोन प्रती. सुरुवातीलाच हातात देऊ नका, मग तुमचं बोलणं सोडून डोळे कागदात जातात. शून्यांचा प्रसंग निघाला की द्या.